एका अंघोळीची अट

अण्णांची अट एका अंघोळीची होती.

"येतो आणि एक अंघोळ करून बघतो," धाकट्याच्या घरून त्यांनी थोरल्याला फोनवर सांगितलं. "कुणी न धरता जमली तर राहीन तुझ्याकडे. नाही जमली तर ज्येष्ठांच्या निवासात खोली बघून ठेवलीच आहे. तिथली माणसं परकी असतात. परक्यानं धरलं म्हणून माणूस मरत नाही."

आणि फोन ठेवून दिला. पोटच्या पोरानं धरलं तर मात्र मरतो, असा त्याचा सरळ अर्थ होता आणि तो थोरल्याला चांगलाच कळला.

हा थोरला म्हणजे गल्लीतला टेलर. सगळी गल्ली त्याला टेलर म्हणायची आणि बायकोही रागावली की टेलरच म्हणायची. खाली दुकान आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या आणि बाथरूम, असं त्यांचं घर. अण्णा याच घरात वरच्या मजल्यावर राहायचे. शाळेतले कवायतीचे मास्तर ते. सगळा जन्म पोरांना "छाती पुढं, खांदे मागं, नजर समोर" सांगण्यात गेलेला. निवृत्तीनंतर दूध आणायला जातानासुद्धा मागून कुणी पथक येत असल्यासारखे चालायचे. एका सकाळी जिन्यावरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी जिना कायमचा बंद करून टाकला. धाकट्याच्या इमारतीला लिफ्ट होती म्हणून तात्पुरते तिकडे गेले.

तिकडे एक मदतनीस येऊन त्यांना अंघोळ घालायचा. त्याबद्दल अण्णा कधी अवाक्षर बोलले नाहीत. पण टेलर एकदा भेटायला गेला तेव्हा अंघोळ नुकतीच उरकली होती आणि अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मुलगा आलाय म्हटल्यावरही त्यांनी कूस बदलली नाही. टेलर तासभर त्यांच्या पाठीशी बोलत बसला आणि घरी आला.

त्याच आठवड्यात त्यानं ठरवलं. मागच्या अंगणात एक खोली काढायची, आणि स्वयंपाकघरामागची कपडे धुवायची अंधारी मोरी फोडून तिचं धडसं बाथरूम करायचं. आणि हे सगळं स्वतःच्या हातानं.

"स्वतःच्या?" बायको म्हणाली. "अहो, जगात गवंडी नावाची माणसं असतात."

गवंड्यांना विचारून झालं होतं. एवढ्याशा कामाला कुणी हात लावायला तयार नव्हतं. जो तो "बघू, कळवतो" म्हणून गेला तो गेलाच. पण ते निमित्त. खरं म्हणजे टेलरला आपल्या हातांवर भारी भरवसा होता.

"कोटाची बाही बसवणं सगळ्यात अवघड," तो म्हणाला. "ज्याला बाही बसवता येते, त्याला भिंत काय चीज आहे? भिंत निदान हात वर-खाली तरी करत नाही."

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून, असं म्हणतात. लग्न टेलरनं निभावलं होतं, म्हणजे बायकोनं निभावून नेलं होतं. घरानं मात्र त्याच्या नाकी नऊ आणले. सवयीनं त्यानं दाराच्या जागेला दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं जास्तीची सोडली, कपड्यात शिलाईसाठी दाब सोडतात तशी. कापड आत दुमडतं, वीट दुमडत नाही. चौकट त्या भोकात सैल विजारीसारखी नाचायला लागली आणि मग विटांचे तुकडे कोंबून ती फट बुजवावी लागली. हार्डवेअरवाला रोज विचारायचा, "काय टेलर, आज शिवलं की उसवलं?" विचारायचा तोंड भरून, आणि उत्तर ऐकायला दुकानातलं गिऱ्हाईकही थांबवून ठेवायचा.

बाथरूमची फरशी तर दोनदा बसवली. पहिल्यांदा बसवून त्यानं मोठ्या ऐटीत बादलीभर पाणी ओतलं. पाणी क्षणभर थबकलं, आणि जाळीकडे पाठ फिरवून निवांत दारातून स्वयंपाकघरात आलं.

"या, बसा," बायको पाण्याला म्हणाली आणि खराटा घ्यायला उठली.

तिनं हसून घेतलं, पण टेलरला हसू येईना. उतार उलटा पडला म्हणजे पाणी दारात साचणार, आणि अण्णा पाय नेमका दारातच टाकणार. त्यानं सगळी फरशी उखडली. गुडघे सोलवटून निघाले. सिमेंटनं बोटांची टोकं अशी खाल्ली की सुईत दोरा ओवताना दोरा हाताला लागायचाच नाही. दुकानात कपड्यांचा ढीग साठला, गिऱ्हाइकं येऊन टोमणे मारून जायला लागली. आणि धाकटा उंटावरून शेळ्या हाकत होता. "दादा, घसरणार नाहीत अशाच फरश्या बघ." "दादा, दार बाहेर उघडणारं कर हं, आत पडले तर दार ढकलता येणार नाही." "दादा, माप नीट घे."

बाकी सगळ्या सूचना टेलरनं निमूट ऐकल्या. मापाचं ऐकून मात्र त्याला राग आला.

माप त्यानं कधीच घेऊन ठेवलं होतं. काम सुरू करायच्या आधी तो गळ्यात टेप अडकवून धाकट्याकडे गेला होता आणि अण्णांना सुटासाठी उभं करावं तसं खोलीच्या मध्यभागी उभं केलं होतं. अण्णांनी वॉकर बाजूला सारला. जमिनीपासून मनगट, जमिनीपासून कोपर, गुडघा, हाताची पोच, सगळं टेलरनं दोन-दोनदा मोजलं. धरायचा दांडा कुठं हवा, कमोड किती उंच, बसून अंघोळ करायचं स्टूल केवढं, शॉवर कुठं, सगळं त्या मापावर ठरलं. "अण्णा, निवृत्तीला कोट शिवला होता ना, त्यातलं एकही माप हललेलं नाही," टेलर आनंदानं म्हणाला होता. अण्णांच्या कपाळावर घाम आला होता आणि तो त्यांनी पुसला होता.

अण्णा येणार त्याच्या आदल्या दिवशी टेलरनं दांड्याला स्वतः लोंबकळून पाहिलं. मग पाय उचलून लोंबकळला. मग गदागदा हलवलं.

"दांडा टिकेल," बायको म्हणाली. "तुमचं काही सांगता येत नाही."

"पडले तर?"

"नाही पडत."

"पण पडले तर?"

बायकोनं दांड्याला स्वतःही एक हिसका देऊन पाहिला. तीही घाबरली होती, पण घरात दोघांनी एकाच वेळी घाबरून चालत नाही, एवढं तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी धाकटा गाडीतून अण्णांना घेऊन आला. अण्णांची बॅग गाडीतच राहिली. "राहू दे, आधी बघू," असं अण्णाच म्हणाले. वॉकर टेकत ते नव्या खोलीत आले. पलंग पाहिला, खिडकी पाहिली. एक डोळा मिटून भिंतीच्या कडेकडे बघितलं, रांग सरळ आहे की नाही ते पूर्वी बघायचे तसं.

"सरळ आहे," म्हणाले. अण्णांच्या तोंडून एवढं म्हणजे इतरांच्या तोंडून कौतुकाचं भाषण. टेलरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"टॉवेल दे," अण्णा सुनेला म्हणाले. "आणि सगळे पुढं दुकानात बसा. स्वयंपाकघराच्या अलीकडं कुणी यायचं नाही. दाराला कान लावायचे नाहीत."

तिघं दुकानात येऊन बसले. धाकट्यानं मोबाईल काढला आणि नुसताच हातात धरून ठेवला. टेलर मशीनवर बसला, पायाखाली मशीनचं पायडल होतं, पण पाय हलेना. आतून कडी लागल्याचा आवाज आला. ती कडी बाहेरूनही उघडता येते हे टेलरला माहीत होतं, त्यानंच बसवली होती, तरी तो अर्धवट उठला आणि परत बसला. मग वॉकर भिंतीला टेकल्याचा आवाज. मग पाणी. मग पाणी बंद.

मग काहीच नाही.

"इतका वेळ?" धाकटा म्हणाला.

"साबण लावत असतील."

"इतका वेळ साबण?"

तेवढ्यात आत काहीतरी धाडकन पडलं. टेलर उठला तशी खुर्ची मागं कलंडली. पण बायको त्याच्याआधी दारात जाऊन उभी राहिली होती, दोन्ही हात चौकटीला लावून.

"प्लास्टिकचा मग पडला तो," ती दबक्या आवाजात म्हणाली. "माणूस पडल्याचा आवाज असा नसतो. जिन्यावरचा ऐकलाय मी. तुम्ही आत गेलात तर त्यांनी अंघोळ केली तरी हरले, नाही केली तरी हरले. बसा."

टेलर बसला. पुन्हा पाणी सुरू झालं तेव्हा कुठं त्याला श्वास घेता आला.

बऱ्याच वेळानं वॉकरचे पाय फरशीवर वाजत आले. अण्णा दुकानाच्या दारात उभे राहिले. स्वच्छ सदरा, भांग पाडलेला, पाठ ताठ.

"झाली," ते म्हणाले. "बॅग आण."

धाकट्यानं डोळे पुसले आणि पुसलेत हे कुणाला कळू नये म्हणून तडक गाडीकडे गेला. बायकोनं चहाचं आधण ठेवलं. टेलरला काय करावं सुचेना. त्याला हसायचं होतं, कुणाला तरी मिठी मारायची होती, पण अण्णांना मिठी मारायची या घरात पद्धत नव्हती. म्हणून तो फरशी कोरडी करायला पोछा घेऊन बाथरूममध्ये गेला.

स्टूल कोरडं होतं. टेलरला वाटलं, पुसलं असेल. मग त्यानं दांड्याकडे पाहिलं. काल लोंबकळून झाल्यावर टॉवेलच्या खुंटीसाठी भोकं पाडताना उडालेली सिमेंटची पांढरी पूड अजून त्याच्यावर तशीच बसलेली होती, आणि त्या पुडीवर बोटाचा ठसासुद्धा नव्हता. हात लावलेलाच नव्हता.

खाली बादलीवरचा नळ मात्र वाकडा झाला होता. त्याच्याभोवतीचं सिमेंट फुटून पडलं होतं आणि आतून पाणी पाझरत होतं. टेलरनं नळाला नुसतं बोट लावलं तर तो दाढ हलावी तसा हलला.

अण्णांनी अंघोळ उभ्यानं केली होती. वाकून, नळाला धरून, जमेल तेवढी. उद्या तोच नळ हातात आला असता.

टेलर ओल्या फरशीवर तसाच बसला. गिऱ्हाईक टेपसमोर खरं उभं राहत नाही, हे त्याला दुकान उघडल्यापासून ठाऊक. पोटं आत जातात, खांदे वर येतात. म्हणून तो आधी गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवायचा, पोराबाळांचं विचारायचा, आणि माणूस सैल पडला की हळूच टेप लावायचा. सगळ्या गल्लीला त्यानं असंच फसवून मापलं होतं. एकट्या अण्णांना नाही. अण्णा ताठ उभे राहिले, आणि ते त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं ते माप खरं मानलं. ते खरं असावं, असंच त्याला हवं होतं.

"दांडा खाली घ्या गुपचूप," बायकोला सांगितल्यावर ती म्हणाली. "प्लंबरचं काहीतरी निमित्त सांगू."

"खाली म्हणजे कुठं?"

हा प्रश्न मोठा होता. अंदाजानं बसवायचा, तर पहिल्यांदा चुकला तसा दुसऱ्यांदाही चुकेल. विचारायचं, तर अंघोळ धड जमली नव्हती हे बोलून दाखवावं लागेल, आणि मग अण्णा एक शब्द न बोलता बॅग भरतील. न विचारावं तर उद्या सकाळ आहेच. नळ त्यानं पान्यानं आवळला, सिमेंट भरलं, पण अण्णांचं वजन त्या नळावर येणार या विचारानं त्यानं तो परत एकदा आवळला.

दिवसभर तो चोरून बघत राहिला. अण्णा पलंगावरून उठताना, खिडकीशी जाताना, पाणी प्यायला उभे राहताना. कुठं वाकतात, हात कुठं जातो, तेवढं कळलं असतं तरी बास होतं. पण अण्णांना पोरांच्या नजरा ओळखायची आयुष्यभराची सवय. टेलर दारात आला रे आला की त्यांची पाठ सरळ व्हायची, खांदे मागं जायचे. आणि तो वळला की मागून, आवरून धरलेला श्वास सोडल्याचा आवाज यायचा. एकदा तो कपाटाच्या आडून बघत होता.

"काही हरवलंय का?" अण्णांनी न वळताच विचारलं.

"नाही. कात्री."

"कात्री कपाटाच्या मागं ठेवतोस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी टॉवेल मागितला. सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. टेलरनं टॉवेल तिच्या हातातून घेतला, अण्णांच्या मागोमाग बाथरूममध्ये शिरला आणि दार लावून घेतलं.

"बाहेर हो," अण्णा म्हणाले.

"अण्णा, दांडा कोरडा होता."

"बाहेर हो म्हणतोय ना!" हा मैदानावरचा आवाज. त्या आवाजानं टेलर पन्नाशीतही जागच्या जागी सरळ झाला. पण बाहेर गेला नाही.

"स्टूलही कोरडं होतं. तुम्ही नळाला धरून अंघोळ केलीत. तो नळ मी परत बसवलाय, पण तो तुम्हाला पेलणार नाही. तुम्ही पडाल अण्णा. मी रोज पुढं बसून आवाज ऐकत राहीन आणि एक दिवस तुम्ही पडाल. मला भीती वाटते." एवढं बोलून त्याला स्वतःचंच नवल वाटलं. या माणसासमोर भीती हा शब्द त्यानं जन्मात उच्चारला नव्हता. "जायचं तर निवासात जा. तिथं तरी धड राहाल. पण जायच्या आधी खरं माप द्या."

वॉकरवरच्या अण्णांच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. बाहेर बायको भांडी उगाचच इकडची तिकडं करत होती, तेवढा आवाज येत होता.

"हात पोचत नाही," शेवटी अण्णा म्हणाले. "वर नेला की तोल जातो."

"हो."

"तुझं काम चुकलेलं नाही. माप मी खोटं दिलं."

"मी घेतलं," टेलर म्हणाला.

अण्णा दांड्याकडे बघत राहिले. कालच्या पुडीवर आता टेलरच्याच बोटांचे ठसे उठले होते.

"आता कसं घेणार?"

"कुणी बघत नसताना उभे राहता, तसे उभे राहा."

"तू बघतोयस."

"मी तोंड फिरवतो."

टेलर भिंतीकडे वळला. पेन्सिल मागं धरली, हाताला लागेल अशी. अण्णांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. मग एक लांब श्वास सुटला, कपड्याची सळसळ झाली, आणि अण्णांचा हात भिंतीवरून घासत खाली येत येत थांबला. पेन्सिलीची रेघ ओढल्याचा आवाज आला. तो आवाज टेलरच्या कमरेच्याही खालून आला. इतक्या खाली येईल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याला वळून बघायचं होतं आणि त्यानं बघितलं नाही.

"आज दांडा काढतो," तो भिंतीशीच बोलला. "नवीन भोकं पाडून, सिमेंट भरून पक्का करतो. उद्यापर्यंत हात लावता येणार नाही."

"मग आजची अंघोळ?"

आता अण्णा बॅग मागतील, धाकट्याला फोन लावायला सांगतील, असं वाटून टेलर भिंतीवरच्या फरश्यांचे सांधे बघत राहिला.

"आज तू धर," अण्णा म्हणाले. "पण बघायचं नाही."

टेलरनं मान हलवली. तोंड भिंतीकडंच ठेवून तो एक पाऊल मागं सरकला आणि खांदा अण्णांकडे केला. अण्णांच्या बोटांनी खांदा चाचपला, पण पकड काही बसेना.

"खाली," अण्णा म्हणाले.

टेलरनं गुडघे वाकवले.

"अजून खाली."

टेलर अजून खाली वाकला.